दोन फूट अकरा इंच

छप्पर घरापेक्षा मोठं झालंय, हे सगळ्यांत आधी एका कुत्र्याच्या लक्षात आलं. आम्ही तिघं माना वर करून बघत होतो आणि ते खाली बघत होतं. भिंतीच्या बाहेर, जिथं मार्चचं ऊन असायला हवं होतं तिथं, त्याला सावलीचा एक लांबट पट्टा सापडला. त्यानं जागेभोवती दोन फेऱ्या मारल्या, खात्री करून घेतली आणि झोपलं.

तेव्हा आम्ही तिघांनीही खाली बघितलं.

आढं भिंत ओलांडून पुढं आलं होतं. त्याच्या मागोमाग वासेही आले होते, लग्नाला पाहुण्यांचे पाहुणे येतात तसे. बाजूंनाही छप्पर जरा ऐसपैसच बसलं होतं, पण आजऱ्याच्या पुढं, पावसाच्या मुलखात, त्याला कोणी चूक म्हणत नाही. पुढचा प्रकार मात्र उघड होता. घर संपलं होतं आणि छप्पर संपायला तयार नव्हतं.

"माप चुकलंय," तात्या म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

तात्या म्हणजे कल्लाप्पा सुतार. सत्तरीचा माणूस, कानावर पेन्सिल, आणि जन्मात कधी फुटपट्टीला हात लावलेला नाही. त्यांच्या घराण्याची रीतच वेगळी. घर ज्याचं, हात त्याचा. मालकाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक काठी कापायची आणि सगळं घर त्या काठीनं मोजायचं. दार त्या काठीनं, खिडकी त्या काठीनं. मग घर मालकाच्या अंगाला नीट बसतं, असं त्यांचं म्हणणं. काम पुरं झालं की काठी आढ्याखाली खोचायची.

माझ्याकडं बघायचं कारण असं, की या बांधकामाचा इंजिनिअर मी होतो. म्हणजे सिव्हिल डिप्लोमाचे माझे दोन विषय राहिले होते. एक सर्व्हेइंग, दुसरा एस्टिमेटिंग. कुठं किती आहे आणि एकूण किती लागेल, एवढं सोडलं तर बांधकामातलं मला सगळं येत होतं. वय तेवीस. दुसरं कुणी मला काम देत नव्हतं आणि सगुणाआत्याला दुसरा कुणी इंजिनिअर मिळत नव्हता.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उंची पाच फुटाला दोन इंच कमी. मामा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन तीन वर्षं झाली होती. कोल्हापूरचं घर तिनं लेकीच्या स्वाधीन केलं आणि आमच्या मूळ गावच्या शिवेवर तीन गुंठे जागा घेऊन एक खोली बांधायला काढली. एकच. दहा हात लांब, आठ हात रुंद. मी म्हटलं, आत्या, लहान होईल. तर म्हणाली, मला काय घरात शर्यती लावायच्यात?

काठ्या दोन होत्या. एक मी स्वतः आत्याच्या हातावर धरून कापली होती आणि तिच्या मापानं गवंड्याकडून चिऱ्याच्या भिंती बांधून घेतल्या होत्या. छप्पर तात्यांनी गावात, आपल्या दुकानात, तयार करून टेम्पोनं आणलं. त्यांच्यासाठीची काठी आत्यानं परस्पर फडक्यात गुंडाळून पाठवली होती.

मी म्हटलं, दोन्ही काठ्या शेजारी शेजारी ठेवू, लगेच कळेल. सर्व्हेत नापास माणसालाही एवढं सुचतं. पण आत्या म्हणाली, तुझी काठी तर मी काल बंबात घातली. आणि तात्या म्हणाले, माझी आता देवाजवळ आहे, छप्पर चढलं की घरभरणीपर्यंत फडकं सोडायचं नसतं. दोघंही फार शांत होते. मला वाटलं, धक्का बसलाय.

"राहू दे," आत्या म्हणाली. "खाली दोन खांब द्या. पडवी झाली म्हणायचं."

मग तिनं मला बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली आणला.

"रणजित, मला या घरात एकच गोष्ट हवी आहे. अक्षय्य तृतीयेला घरभरणी. दादा साडी घेऊन आला पाहिजे. तो आला तर छप्पर नसलं तरी चालेल." थोडं थांबून म्हणाली, "तू फक्त एक कर. आज घरी जेवताना सांग, की छप्पर तीन फूट पुढं आलं. तीनच शब्द लक्षात ठेव. तीन, फूट, पुढं."

दादा म्हणजे आमचे अण्णा. सरकारी मोजणीदार म्हणून तेहतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. दोन भावांनी एकमेकांवर कुऱ्हाडी उगारलेल्या असताना मधे उभं राहून ते शांतपणे साखळी ओढायचे. मोजलेल्या प्रत्येक गोष्टीवर तारीख घालून आखूड सही करायची त्यांची सवय. आमच्या घरी माझ्या उंचीच्या खुणा भिंतीवर आहेत, त्या प्रत्येक खुणेखाली तारीख आणि सही आहे. मी कमी उंच निघालो तर निदान वाद तरी नको.

या मोजणीपायीच भावाबहिणीचं बोलणं बंद झालं होतं. नऊ वर्षांपूर्वी मामांनी कोल्हापूरच्या घराला नवं कुंपण घातलं आणि कौतुकानं जेवायला बोलावलं. शेजारीही पंगतीला होते. अण्णांनी हात धुताधुता कुंपणाकडं नजर टाकली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हे शेजाऱ्यांच्या जागेत नऊ इंच गेलंय. मग टेप लावून दाखवलं. नऊ इंचच होतं. मामांनी दुसऱ्या दिवशी कुंपण पाडलं, पण ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. आत्या अण्णांना म्हणाली, पुढच्या वेळी टेप उंबऱ्याबाहेर ठेवून येत जा. अण्णा म्हणाले, टेप बाहेर तर मीही बाहेर. तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. आणि अण्णा जे बोलतात ते तारीख-सहीसकट बोलतात.

मामा गेले तेव्हा अण्णा तेराही दिवस कोल्हापूरला जात होते. सकाळी सातला यायचे, समोर रस्त्यावर उभे राहायचे, संध्याकाळी परत. आत्या आतून चहा पाठवायची. ते उभ्यानं प्यायचे आणि कप परत पाठवायचे. बोलणं नाही.

तर मी त्या दिवशी जेवताना सांगितलं. अण्णांनी घास घेतला होता, तो बराच वेळ चावला.

"तीन फूट म्हणजे नक्की किती?"

"एक कुत्रं आडवं झोपेल इतकं."

"कुत्रं हे माप नाही," अण्णा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गडहिंग्लजहून आजऱ्याची एसटी सुटली तेव्हा ते तिच्यात होते. आईला त्यांनी सांगितलं होतं, की आजऱ्याला एकाकडं काम आहे. टेप पिशवीत होती.

ते रस्त्यावर उभे राहिले. तारेच्या कुंपणापलीकडं, हाताची घडी घालून. छप्पर बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, माझा सर्व्हेचा निकाल बघताना.

"तिला विचार, पाया किती घेतला."

आत्या वीस फुटांवर बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्याकडं वळलो. "अण्णा विचारतायत, पाया किती घेतला."

"ऐकू आलं. त्याला सांग, पुरेसा."

मी परत वळलो. "पुरेसा."

"पुरेसा हे माप नाही."

अशी अख्खी सकाळ गेली. मी मधे उभा राहून एकदा इकडं, एकदा तिकडं वळत होतो. दुपारपर्यंत माझी मान अवघडली. शेवटी अण्णांना राहवेना. लांबून मापं विचारणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं फोनवर जेवणं. ते फाटकातून आत आले, सावलीच्या कडेपर्यंत चालत गेले आणि चपलेची टोकं बरोबर सावलीच्या रेषेवर आणून थांबले.

"तात्या, पडवी घरात धरायची का बाहेर?"

तात्यांनी रंधा खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना फार आवडला असावा. "हे बघा अण्णा. उंबरा बसवलाय. हळदकुंकू लावलंय. त्याच्या आत घर, त्याच्या बाहेर दुनिया. पडवी दुनियेत."

अण्णांनी बांधाच्या भांडणात करायचे तसा विचार केला. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखं एकदा उंबऱ्याकडं, एकदा आकाशाकडं बघितलं आणि सावलीत पाऊल टाकलं. कुत्रं उठून थोडं सरकलं. आत्यानं मान वर केली नाही, पण तांदळातले खडे सोडून ती तांदूळच बाहेर टाकायला लागली होती.

अण्णांनी टेप लावली. "दोन फूट अकरा." डोळे मिटले. "पस्तीस इंच. दहा हातांत पस्तीस, म्हणजे हातामागं साडेतीन. ही चूक नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"चूक वेडीवाकडी पडते. ही सरळ पडलीय. भिंती एका हातानं मोजल्यात आणि छप्पर दुसऱ्याच कुणाच्या हातानं."

मग चौकशी सुरू झाली. भिंती भरल्या एकशे साठ इंच, म्हणजे सोळा इंचाचा हात. अण्णांनी मला आत्याचा हात मोजायला सांगितला. बरोबर सोळा. आयुष्यात पहिल्यांदा माझं माप बरोबर निघालं होतं. अण्णांना ते पटेना, म्हणून त्यांनी मला तीनदा मोजायला लावलं. तिसऱ्या वेळी आत्या म्हणाली, त्याला सांग, आता वाढायचं वय नाही माझं.

छप्पर साडेएकोणीस इंचाच्या हाताचं होतं. तात्यांचा हात साडेसतरा. माझा अठरा. गवंड्याचा सतरा. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, मला काठी आली तशी मी वापरली, फडकं घरभरणीला सुटंल. बापजाद्यांची रीत काय तुमच्या टेपसाठी मोडू?

अण्णांनी वही केली. नाव, गाव, हाताची लांबी. एसटीचा कंडक्टर, सव्वाअठरा. टेम्पोवाला, अठरा. सरपंच साडेसोळा, पण त्यांनी अठरा लिहायला सांगितलं. अण्णांनी लिहिलं नाही. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की अण्णा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दिसले की लोक आपण होऊन बाह्या सरसावायचे. साडेएकोणीस इंचाचा माणूस सापडेना.

मधल्या काळात पडवीचं काय करायचं हा प्रश्न होता. अण्णा म्हणाले, पावणेतीन-तीन फुटांच्या पडवीचा काही उपयोग नाही, माणूस बसला तर पाय पावसात. निदान सात फूट पाहिजे. आत्यानं माझ्यामार्फत विचारलं, मी एकटी, मला सात फूट कशाला.

"तिला सांग, पाऊस माणसं मोजून पडत नाही."

पुढची पडवी सात फूट झाली. अण्णा रोज यायला लागले. खांब ओळंब्यात उभा करायचा, मागं जाऊन एक डोळा मिटून बघायचा, परत काढायला लावायचा. खांबांवर खडूनं तारीख आणि सही. तात्या एकदा मला म्हणाले, तुझ्या बापाबरोबर काम करायचं म्हणजे लाकडाला पण परीक्षेला बसावं लागतं.

मग अण्णांच्या लक्षात आलं, की इथला पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. पश्चिमेला पडवी काढली. मग चुलीचा धूर खोलीत कोंडणार, म्हणून मागं एक काढली. तीन बाजूंना झाल्यावर ते रस्त्यावर जाऊन बराच वेळ घराकडं बघत राहिले आणि म्हणाले, घर एका कुशीवर झोपल्यासारखं दिसतंय. चौथी पडवी निव्वळ शोभेसाठी झाली. प्रत्येक वेळी आत्या माझ्यामार्फत कशाला म्हणून विचारायची, अण्णा माझ्यामार्फत कारण सांगायचे आणि तात्या दोघांचं संपायच्या आत खड्डे खणायला घ्यायचे.

चारी बाजूंनी पडव्या झाल्यावर मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागायला लागला. आत्याची खाट बाहेर आली. चूल मागच्या पडवीत गेली. खोलीत राहिले देव, तांदळाची कोठी आणि कांदे. ग्रामपंचायतीचा माणूस घराची नोंद करायला आला, त्यानं चारी बाजूंनी एक चक्कर मारली आणि विचारलं, यात घर कुठंय?

अण्णांचा एकेक जिन्नस येत गेला. आधी स्टूल. मग पाण्याचा तांब्या. मग खुंटीवर लुंगी. आईनं एके दिवशी डब्याबरोबर उशी दिली आणि मला म्हणाली, विचार, अंथरूण पाठवू का?

आत मात्र ते गेले नाहीत. कांदा हवा असला तर उंबऱ्याशी उभं राहून मला हाक मारायचे. मी माझ्या परीनं प्रयत्न केले. एकदा त्यांची टेप आत, देवांपुढं नेऊन ठेवली. अण्णांनी आजऱ्याहून नवी टेप आणली. एकदा मी आत जाऊन पाय मुरगळल्याचं सोंग केलं. अण्णांनी दारातून विचारलं, सूज किती आहे, इंचात सांग.

एप्रिल सरत आला तशी आत्या गप्प व्हायला लागली. एका दुपारी पश्चिमेच्या पडवीत शेंगा फोडता फोडता म्हणाली, "नागपंचमीला सासरच्या बायका माहेरी निघायच्या ना, तेव्हा मी दादाच्या क्वार्टरवर जायचे. बाबा तर जन्मभर दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहिले. दादाच्या चौदा बदल्या झाल्या. मला चौदा माहेरं. एकाचाही पत्ता टिकला नाही." मग हसली. "एकदा तर मी जुन्याच क्वार्टरवर गेले. तिथल्या नव्या साहेबांच्या बायकोनं मला झोका घालून दिला."

"आत्या, अण्णा येतील ना घरभरणीला?"

"येईल. घरभर आलाय. एक पाऊल राहिलंय," ती म्हणाली आणि उरलेल्या शेंगा सुपात ओतल्या.

अक्षय्य तृतीयेला सकाळी पन्नासेक माणसं जमली. कोल्हापूरहून आत्याची लेक आणि जावई आले. आमच्याकडची चाल अशी, की भाऊ साडी घेऊन येतो, उंबरा ओलांडून बहिणीच्या हातात देतो आणि त्यानंतर नव्या घरात दूध चुलीवर चढतं. ते उतू गेलं की जेवणं. म्हणजे पन्नास माणसांचं जेवण त्या एका पावलावर अडलं होतं, आणि मागच्या पडवीतून पुरणाचा वास येत होता.

आत्या खोलीत, दुधासाठी मांडलेल्या नव्या चुलीपाशी पाटावर बसली होती. अण्णा नवा शर्ट घालून उंबऱ्यापाशी उभे राहिले. हातात साडीची पिशवी. अंगठा आणि उंबरा यांत दीड इंच. हे मी टेप न लावता सांगतो.

"तिला सांग, साडी आणलीय."

मी दोघांच्या मधे, उंबऱ्यावर एक पाय आत आणि एक पाय बाहेर टाकून उभा होतो. आतला पाय वळवला. "साडी आणलीय म्हणतायत."

"त्याला सांग, दिसली."

आत्याच्या जावयानं घड्याळ बघितलं, मग आपण बघितलं म्हणून लाजून खिशात हात घातला. कुत्रं पण उठून बसलं.

"मी काय म्हणतो," तात्या म्हणाले, "उंबराच कापून काढू काय? करवत हाय. पाच मिनिटांचं काम. मग कशाच्या आत नि कशाच्या बाहेर."

हसू उठलं. आत्या हसली नाही.

"नको तात्या. दादानं शब्द दिलाय. त्याचा शब्द मोडून मला साडी नको." तिनं पदर सारखा केला. "तुम्ही तुमची काठी खोचून घ्या."

तात्यांनी देवांपुढची गुंडाळी उचलली. बाहेर येऊन फडकं सोडलं. आत जुनी, गडद झालेली काठी निघाली. आमच्या बांधकामातलं दुसरं कुठलंही लाकूड तेवढं जुनं नव्हतं. अण्णांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि हात पुढं केला. दोन महिने ते या काठीची वाट बघत होते. समोर साडी, दूध, पन्नास माणसं होती, पण माप आधी.

टेप लावली. "साडेएकोणीस. म्हटलं होतं ना?"

मग त्यांनी काठी उलटी केली.

मागच्या बाजूला शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं. शाई उडाली होती, पण वाचता येत होतं. एक तारीख, एकोणीसशे चौऱ्याऐंशीची. खाली आखूड सही. ती सही माझ्या उंचीच्या प्रत्येक खुणेखाली आहे.

अण्णांनी शर्टाची बाही वर केली. काठीचं एक टोक कोपराला लावलं. दुसरं टोक मधल्या बोटाच्या टोकाशी बरोबर संपलं. केसभर पुढं नाही, मागं नाही. त्यांनी अख्ख्या पंचक्रोशीचे हात मोजले होते. ज्या हातात टेप धरली होती तेवढा एक राहिला होता.

"सगुणे," ते म्हणाले.

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या मधे नव्हतो. मला काय करावं कळेना, म्हणून मी तिथंच उभा राहिलो.

"ही तुझ्याकडं कशी?"

"तात्यांच्या वडिलांनी कापली होती. घर बांधायचं म्हणून. मग तुझी पहिली बदली झाली," आत्या आतून म्हणाली. "जाताना म्हणालास, ठेव, आलो की बांधू."

"मग आलोच नाही."

"खोली माझ्या हाताची बांधलीय, दादा. छप्पर तुझ्या हाताचं. जे बाहेर आलं ते तुझं."

अण्णा काठीकडं बघत होते. मग वळून त्यांनी पुढची पडवी बघितली. सात फुटांची, ओळंब्यातली, प्रत्येक खांबावर त्यांचीच सही असलेली.

"सांगितलं का नाहीस?"

"नऊ दिवाळ्या ये म्हणून सांगितलं. रणजितला विचार. बोलावणं धाडलं तर आला नाहीस. चूक धाडली, दुसऱ्या दिवशी सकाळी हजर."

तात्या छताकडं बघत होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती काठी त्यांच्या बापानं कापली होती. म्हणजे सगळ्या बांधकामात अंधारात फक्त दोघं होते, मोजणीदार आणि इंजिनिअर.

अण्णांनी काठी तात्यांना दिली आणि एक पाय उचलला. तो पाय उंबऱ्यावर येणार एवढ्यात आत्या उठली.

"थांब. तू कशाला? मी कुठली शपथ घेतलेली नाही." तिनं बसायचा पाट काखेत मारला, उंबरा ओलांडून बाहेर आली, पाट पडवीच्या बरोबर मध्यावर टाकला आणि त्यावर बसली. "घरभरणीची साडी माहेरी बसून घेते. दे."

अण्णांनी माझ्याकडून पिशवी घेतली. साडी तिच्या ओटीत ठेवताना त्यांना वाकावं लागलं आणि मग बराच वेळ सरळ होता आलं नाही. कंबरेचा त्रास आहे, असं त्यांनी नंतर सांगितलं. आई डोळे पुसत म्हणाली, धूर फार आहे. दुधाची चूल अजून पेटली नव्हती.

एक अडचण उरली. तात्यांनी निकाल दिला, की घरं दोन आहेत तर दूधही दोनदा उतू जायला हवं. मग एक पातेलं आत चढलं आणि एक पडवीत, तीन चिरे मांडून. आतलं आधी उतू गेलं. बाहेरच्याला वारा लागत होता. ते उतू जाईपर्यंत पन्नास माणसं पडवीत उभी राहून एका पातेल्याकडं बघत होती. शेवटी गेलं. काठी तात्यांनी आढ्याखाली खोचली, भिंतीच्या बाहेर, पुढं आलेल्या दोन फूट अकरा इंचांत.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. अण्णा आणि आई पश्चिमेच्या पडवीत राहतात. तिला आम्ही अर्धी भिंत आणि खिडक्या केल्या. आई आतबाहेर करते. अण्णा अजून आत गेलेले नाहीत. आता कुणी त्यांना म्हणतही नाही. कांदे हवे असले की हाक मारतात, "सगुणे, कांदा," आणि आत्या विचारते, "किती?" ते आकडा सांगतात. नागपंचमीला आत्या सकाळी डोक्यावरून न्हाऊन खोलीला कुलूप लावते आणि पिशवी घेऊन चार पावलं चालून माहेरी जाते. दोन दिवस राहते. त्या दोन दिवसांत ती कामाला हात लावत नाही.

सर्व्हेचा विषय मी त्याच वर्षी सोडवला. एस्टिमेटिंग अजून राहिलंय.

अण्णांचं एकाच गोष्टीवरून अजून चालू असतं. पूर्वेच्या पडवीतला कोपऱ्यावरचा खांब ओळंब्यातून सव्वा इंच बाहेर आहे. ते आजारी असताना तो बसवला गेला आणि त्याच्यावर त्यांची सही नाही. रोज सकाळी चहा घेऊन ते त्याच्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, दिवाळीनंतर हा काढायचा. आत्या म्हणते, काढू की, घाई काय. तिनं मला बजावून ठेवलंय, त्याला हात लावू नकोस म्हणून. दादाला जागेवर ठेवायला एखादी चूक लागते.

तो खांब मी बसवला होता. मुद्दाम तसा बसवला, असं मी सगळ्यांना सांगतो.